मी 'येतो' म्हणालोच नव्हतो

सर्व संबंधितांना, म्हणजे तळोज्याच्या एका (आता बंद पडलेल्या) रासायनिक कारखान्याच्या फुटबॉल संघातील हयात खेळाडूंना, राखीव खेळाडूंना, हाफटाइमला लिंबाच्या फोडी वाटणाऱ्या मंडळींना आणि त्या रविवारी कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या तमाम प्रेक्षकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नवी मुंबईच्या फुटबॉल इतिहासातील एका गोलाचा दोष चुकीच्या माणसाच्या माथी मारण्यात आलेला असून तो काढून घेण्यात येत आहे. नवी मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास अद्याप कुणी लिहिलेला नाही, त्यामुळे फारशी खोडाखोड करावी लागणार नाही. तो गोल माझ्यामुळे झाला. हुकुमावरून.

एवढं लिहून पेन ठेवायचं आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. पण मी पडलो बडबड्या. माझ्या हाताखाली फुटबॉल शिकणाऱ्या पोरांना विचारा. पाच मिनिटं वॉर्मअप आणि वीस मिनिटं किस्से, ही माझी शिकवण्याची पद्धत आहे आणि पालकांची तक्रारही तीच आहे. हा एक किस्सा मात्र मी बावीस वर्षांत कुणालाही सांगितला नव्हता. बायकोलासुद्धा नाही. माझ्या पोटात किस्सा किती वेळ टिकतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना एवढ्यावरूनच कळेल की प्रकरण साधं नाही.

सुरुवात आईपासून करतो. गुन्हेगार बहुतेक तिथूनच करतात.

आम्ही साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कामावर निघताना ते उंबऱ्यात थांबायचे आणि म्हणायचे, "येतो." जाणाऱ्यानं जातो म्हणू नये, हे मराठी घरांत सगळीकडेच शिकवतात, पण आमच्याकडे त्याचा अतिरेक होता. कारण एकदा वडील घाईघाईत "जातो गं" म्हणून निघाले आणि त्याच दिवशी बटाट्याची गोणी त्यांच्या पायावर पडली. महिनाभर पाय उशीवर. त्यानंतर आमच्यापैकी कुणी चुकून "जातो" म्हटलं की आई पाठीत धपाटा घालून आत ओढायची, पाटावर बसवायची, तळहातावर साखर ठेवायची आणि पुन्हा नव्यानं निघायला लावायची. "आरं, जातो काय म्हंतोस? येतो म्हन!" माझ्या अंगात ते इतकं भिनलं की मी वाण्याकडे जाताना येतो म्हणायचो, शाळेत जाताना म्हणायचो, संडासाला जातानाही म्हणायचो. बारावीचा पेपर देऊन वर्गातून निघताना मी सुपरवायझरना "येतो" म्हणालो, तर ते माझ्या पेपरावर नजर टाकून म्हणाले, "नको, पुरे झालं."

ही झाली घरची गोष्ट. मैदानावर मी स्टॉपर होतो. स्टॉपर म्हणजे गोलीच्या, म्हणजे गोलकीपरच्या, पुढे, बचावाच्या मधोमध उभा राहणारा. या माणसाला कधी कुणी हार घालत नाही. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. स्टॉपरचं यश म्हणजे काहीच न घडणं. नव्वद मिनिटं काही घडलं नाही की लोक म्हणतात, मॅच काय बोअर झाली. ती बोअर करण्यासाठी आमच्या नडग्या सोलून निघालेल्या असतात, हे कुणाच्या गावी नसतं. मला उंची होती, आवाज होता आणि धक्का न लागता कोसळायची कला होती. नव्हती ती एकच गोष्ट. माझ्या नावावर एकही गोल नव्हता.

आमच्या संघात दोन स्टॉपर. दुसरा करावे गावचा, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातला. अंगानं काटकुळा, बोलायला कंजूष. त्याला मी इथे जोडीदार म्हणतो, कारण तेव्हाही तेच म्हणायचो. जोडीदार कानांनी खेळायचा. मागून धावत येणाऱ्याच्या पावलांवरून त्याला कळायचं की हा गडी आता डावीकडे वळणार की उजवीकडे. मी एकदा विचारलं, तुला हे कळतं कसं? तर म्हणाला, "होरीत बसल्यावर डोल्यांना काय दिसतं? नुसता पानी. मासा आयकाला लागतं."

आणि आमचे कोच, ज्यांना सगळे चाचा म्हणत. पनवेलच्या बाजूचे कोकणी मुसलमान, लाकडाच्या वखारीचे मालक. वर झब्बा-पायजमा आणि खाली फुटबॉलचे बूट, अशा वेशात मैदानावर यायचे. बॉल उंच उडाला की दोन स्टॉपरपैकी कुणी घ्यायचा हे ओरडून सांगावं लागतं, कारण दोघांच्याही नजरा आभाळात असतात. पूर्वी आम्ही "माझा, माझा" करायचो. चाचांना ते खपायचं नाही. म्हणायचे, "माझा माझा काय? बॉल काय तुमच्या सासऱ्यानं दिलाय? जो घेणार त्यानं 'येतो' म्हणायचं. दुसऱ्यानं ऐकलं की बाजूला व्हायचं. ना सवाल, ना जवाब."

म्हणजे माझ्याकडे आता दोन 'येतो' झाले. आईचा 'येतो' म्हणजे मी इथून निघालो. चाचांचा 'येतो' म्हणजे मी तिथे पोचलो. या दोघांचं कधीतरी भांडण होणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी कंपनीच्या पर्सोनेल साहेबांनी जाहीर केलं होतं की सीझन संपला की दोन स्टॉपरपैकी एकाला परमनंट करणार. आम्ही दोघेही टेम्पररी. दोघांना का नाही, असं विचारायची टाप आमच्यात नव्हती. जोडीदार सरळ म्हणाला, "तुजा झाला तरी चालंल, माजा झाला तरी चालंल. कुनाचा तरी होवदे." मी जोरजोरात मान हलवली. मला फक्त माझं झालेलं चालणार होतं. पण मान अशी गोष्ट आहे की ती कशीही हलते.

सेमीफायनल महाप्याच्या एका कंपनीच्या मैदानावर होती. पर्सोनेल साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसलेले. शेवटची दहा मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. म्हणजे आम्ही दोघे झकास खेळत होतो आणि त्यामुळे साहेबांना जांभया येत होत्या. मला त्या जांभया दिसत होत्या. माझ्या मनात आलं, या माणसाला जागं केलं पाहिजे. समोरच्यांच्या गोलाजवळ आम्हाला थ्रो मिळाला आणि माझ्यातला नट उभा राहिला. मी जागा सोडली. स्टॉपरनं जागा सोडणं म्हणजे वॉचमननं गेट उघडं टाकून सोसायटीच्या गणपतीत नाचायला जाणं. पण मी निघालो आणि निघताना, अगदी घरातून निघावं तसं, मागे बघून जोडीदाराला खणखणीत आवाजात सांगितलं,

"येतो!"

संस्कार.

त्याच क्षणाला त्यांच्या बॅकनं थ्रोवरचा बॉल हाणला. बॉल माझ्या डोक्यावरून गेला आणि मी वळून बघायला लागलो. जोडीदार नेमका बॉलखाली उभा होता. मान मागे, डोळे आभाळात, छाती पुढे. बॉल छातीवर घ्यायचा आणि गोलीकडे ढकलायचा, एवढंच काम. आणि तो बाजूला झाला. मांडवात विहीणबाईंना वाट द्यावी तसा अदबीनं दोन पावलं बाजूला सरकला आणि माझी वाट बघू लागला. मी चाळीस पावलं लांब होतो. बॉल टप्पा खाऊन उठला, त्यांच्या फॉरवर्डनं तो पायात घेतला आणि आमच्या गोलीला वळसा घालून आत सारला.

साहेब जागे झाले.

मॅच एक-शून्यनं गेली. शिट्टी झाल्यावर चाचांनी आम्हाला गोल करून बसवलं. त्यांनी आवाज चढवला नाही. जोडीदाराला विचारलं, "बॉल सोडलास का?"

"ह्यो येतो बोलला." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. बोटात राग नव्हता. साक्षीदार ओळखून दाखवतात तसं ते बोट होतं.

चाचा माझ्याकडे वळले. "तू येतो म्हणालास?"

छत्रीखालची खुर्ची तिथून फार लांब नव्हती. साहेब उठून जवळ आले होते आणि ऐकत होते. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी गेल्या बावीस वर्षांत इतक्या वेळा रंगवून बघितलं आहे की त्याचे तीन अंक झाले आहेत. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून एकच शब्द आला.

"नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण बडबड्या माणसाचा खोटेपणाही लांबलचक असतो. मी उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "मी तर पुढे चाललो होतो, चाचा! पुढे चाललेला माणूस 'येतो' कशाला म्हणेल?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बिनतोड मुद्दा होता. मग मी जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय प्रेमळ आवाजात म्हणालो, "अरे, वारा असेल. कानात वारा गेला असेल तुझ्या."

वारा नव्हता. साहेबांची छत्री हललीसुद्धा नव्हती.

जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता, अंगावर आला असता, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मारामारी झाली असती आणि मिटली असती. त्यानं काय केलं, तर करंगळी कानात घातली आणि हलवली. मग दुसऱ्या कानात घातली आणि हलवली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. आम्हा दोघांपैकी एकजण खोटा ठरणार होता आणि त्यानं स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या स्पर्धेत मी "येतो" ओरडलो की तो विचारायचा, "बोललास?" बॉल वर, फॉरवर्ड अंगावर आणि हा विचारतोय, बोललास? पोरांनी त्याला बहिरा म्हणायला सुरुवात केली. मीही एकदोनदा म्हणालो, कारण सगळे म्हणत असताना आपण गप्प राहिलो तर संशय येतो. त्या सीझनमध्येच चाचांनी त्याला बाहेर बसवलं. परमनंट मी झालो. तो पुढच्या वर्षी आला नाही.

मी कंपनीसाठी बारा वर्षं खेळलो. मग कंपनीनं संघ बंद केला, पुढे कंपनीच बंद झाली, आणि मी कोचिंगचे कोर्स करून नेरूळच्या एका मैदानावर सोसायट्यांतल्या मुलामुलींना शिकवू लागलो. लोक मला सर म्हणतात. बचाव शिकवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असंही म्हणतात, आणि मी ते नम्रपणे ऐकून घेतो. फक्त माझ्या मैदानावर "येतो" या शब्दाला बंदी आहे. पोरं स्वतःचं नाव घेऊन ओरडतात. घरी निघतानाही "बाय सर" म्हणतात. एका आजोबांनी मला मराठी संस्कृतीवरून सुनावलं, तेव्हा मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांना काय सांगणार?

खरी गंमत, म्हणजे खरी शिक्षा, ही की नेरूळ आणि करावे यांच्यात फार तर तीन रिक्षा स्टँडांचं अंतर आहे. जोडीदाराची बायको सीवूड्सच्या मासळी बाजारात बसते, हे मला लग्नानंतर लगेच कळलं. त्या दिवसापासून मी त्या बाजारात पाऊल टाकलं नाही. बायकोला सांगितलं, मला मासळीच्या वासानं मळमळतं. हे सांगणाऱ्या माणसानं आदल्याच आठवड्यात सहा बोंबील खाल्ले होते. एकदा ती माऊली टोपली घेऊन समोरून आली, तर मी मेडिकलमध्ये घुसलो आणि गोंधळात पायाला बांधायच्या पट्टीऐवजी तान्ह्या बाळाचं ग्राइप वॉटर घेऊन बाहेर पडलो. आयुष्यभर फॉरवर्डांना अडवलेला स्टॉपर मी, आणि एका टोपलीनं मला चकवलं होतं. बायकोनं ते ग्राइप वॉटर आठवडाभर शोकेसमध्ये ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

मागच्या हिवाळ्यात चाचा मैदानावर आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, पायात अजून बूट. कठड्यावर बसून त्यांनी माझ्या पोरांचा खेळ अर्धा तास बघितला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

म्हणाले, "पोरं चांगली आहेत. पण बहिरी आहेत. सगळी डोळ्यांनी खेळतात."

मी हसलो. त्यांना हसू आलं नाही.

"तुला एक जोडीला कोच हवाय ना? त्या करावेवाल्याला आण. मागून येणारा माणूस ऐकायचा कसा, हे त्याच्याशिवाय कुणी शिकवू शकत नाही." मग काठीनं माती उकरत राहिले. "त्याला मी बसवलं, बेटा. एका गोलासाठी. पोरगा म्हणत होता की मी ऐकलं, आणि मी त्याला बसवलं. माझ्या मनातून ते जात नाही."

हे ऐकल्यावर दुसऱ्या कुणीही तोंड उघडलं असतं. मी म्हणालो, "चहा घेणार का चाचा?"

पण त्या रविवारी मी करावे गावात गेलो. गावाच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, मध्ये जुनी घरं एकमेकांना धरून बसलीत. त्याचं घर खाडीच्या अंगाला. दारासमोर होड्यांची इंजिनं उघडून ठेवलेली आणि त्यातल्या एकात डोकं घालून तो बसलेला, पाठ माझ्याकडे. मी दहा पावलांवर असताना त्यानं न वळता म्हटलं, "ये. डावा पाय अजून घासतंस."

बावीस वर्षांनी. इंजिन चालू असताना.

मी तिथेच उभा राहिलो. त्यानं इंजिन बंद केलं, हात पुसले आणि मला आत नेलं. केस पांढरे झाले होते, बाकी तोच काटकुळा. आत बसतो न बसतो, तोच स्वयंपाकघरातून एवढी मोठी हाक आली की मी दचकलो. "आवं! पाव्हनं कोन हायत? च्या टाकू का?" हाक कसली, पलीकडच्या उरणपर्यंत पोचली असेल.

"टाक," तो म्हणाला आणि माझ्याकडे वाकून हळूच बोलला, "कान दुखतान माजे. पन तिला बोलाचा नाय. मना आयकू येत नाय म्हनून वरडते बिचारी. मायेनं वरडते."

"तुला ऐकू येत नाही?"

"तुना माहीत नाय?" त्याला आश्चर्य वाटलं. "तवापासूनच. महाप्याची मॅच. तू बोलला नव्हतास, तरी मना आयकू आला." त्यानं करंगळी वर केली, कानाजवळ नेली आणि खाली घेतली. "वाशीला डॉक्टरकडं गेलतो. मशीन लावली. बोलला, कान फस्क्लास हायत. मी बोललो, डॉक्टर, तू मॅचला नव्हतास."

मी हसायला हवं होतं. विनोद उत्तम होता.

मग त्याच्या बोलण्यातून माझ्या लक्षात एकेक गोष्ट येऊ लागली. त्यानं गाडी चालवायचा परवाना काढला नव्हता, कारण हॉर्न ऐकू आला नाही तर? गावातल्या पोरांनी त्याला शिकवायला बोलावलं, तर तो गेला नव्हता. इंजिनं दुरुस्त करतो, कारण आवाजात बसणाऱ्याला कुणी ऐकतोस का म्हणून विचारत नाही. आणि गंमत अशी की इंजिनातला बिघाड तो कान लावून ओळखतो, सगळी खाडी त्याच्याकडे येते. तो म्हणाला, "त्ये येगला. त्ये काय माज्याशी खोटा बोलनार?"

मी कोचिंगचं विचारलं. चाचांचा निरोपही सांगितला. त्याचे डोळे क्षणभर चमकले, मी पाहिलं. मग त्यानं मान हलवली. "नको. पोरांचा नुसकान होयाचा. बचाववाल्याचा आपल्या कानावर भरोसा नसंल तं त्यानं शिकवू नये."

त्या वेळी मला दोन रस्ते होते. चहा पिऊन उठायचं, चाचांना सांगायचं की तो नाही म्हणाला, आणि यात काही खोटंही नव्हतं. किंवा. मी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पंख्याबद्दल काहीतरी बोललो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट होती आणि सुरुवात सापडत नव्हती. शेवटी सुरुवात न करताच बोललो.

"मी म्हणालो होतो."

"काय?"

"येतो. मी म्हणालो होतो."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

"वारा?"

"नव्हता वारा. मी पुढे निघालो होतो, गोल मारायला. घरातून निघताना म्हणतो तसं म्हणालो. सवयीनं. तू बरोबर ऐकलंस, तू बाजूला झालास ते बरोबर केलंस. आणि चाचांनी विचारलं तेव्हा साहेब उभे होते, म्हणून मी..." हात पसरायची सवय होती, पण ते मांडीवरून उठले नाहीत.

त्याला हे कळायला किती वेळ लागला असेल, मला सांगता येणार नाही. बाहेर एक होडी लागत होती, तिचं इंजिन अडखळत होतं, आणि त्यानं तेवढ्यातही त्या दिशेला किंचित मान कलवली, असं मला वाटलं. मग तो उठला आणि दारात जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

"मी लय वेला बगितला," तो म्हणाला. "रातचा उठून बसाचो. तू बोललास का नाय बोललास. बोललास का नाय. मंग वाटाचा, तो कनाला खोटा बोलंल?" तो थांबला. "बहिरा तूपन बोललास मना."

"हो."

"तवा तुना माहीत व्हता."

"हो."

माफ कर, असं मी म्हणालो. ते इतकं बारीक आवाजात म्हणालो की कदाचित त्यालाच ऐकू गेलं असेल. त्यानं माफ केलं की नाही, ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं वळला, तेव्हा त्याचा चेहरा रडवेला नव्हता, हसराही नव्हता. बंद घराची खिडकी उघडल्यावर माणूस डोळे बारीक करतो, तसा दिसत होता.

"चाचाला सांगितलास?"

"नाही."

"पयला त्याला सांग. म्हातारा माजं नाव घेऊन झुरतंय आनि तू च्या पितंस. त्याला सांग, सगल्यांच्या म्होरं सांग. मंग पोरांचा बगू."

मी हो म्हणालो, आणि हा मजकूर लिहायला बसण्याआधी ते काम केलं आहे. ती हकिकत वेगळी आहे, आणि चाचांची काठी वयाच्या मानानं फार मजबूत आहे, एवढं इथे पुरे.

पण त्या दिवशी आम्हा दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको चहाचे कप घेऊन केव्हापासून उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा नवऱ्याकडे. चहा बशीत सांडला होता. मग तिनं कप धाडकन टेबलावर आपटले, पदर खोचला आणि पलीकडच्या टॉवरमधली माणसं गॅलरीत यावीत एवढ्या आवाजात ओरडली,

"म्हंजे ह्यांना सगला आयकू येतं? मंग बावीस वर्सं मी बोंबलतंय ती कनाला?"